टपाचं फडकं

आमच्या घरात मऊ कापडाला जो मान होता तो जावयालाही कुणी देत नसेल. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात कुणाचं धोतर विरायला आलंय, कुणाची चादर झिरझिरीत झालीय, कुणाच्या घरातलं बाळ चालायला लागलंय आणि त्याची दुपटी आता रिकामी पडतील, ही खबर सगळ्यात आधी माझ्या वडिलांना, अण्णांना असायची. रस्त्यानं जाता जाता ते लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना दोन बोटांत धरून बघत. पेठेला त्याची सवय होती, पण एकदा एका नव्या भाडेकरणीनं आरडाओरडा करून बोळ गोळा केला. तेव्हा आई पदर खोचून गेली आणि तिला म्हणाली, "तसलं काय न्हाय हो. त्यांची गाडी हाय." एवढ्यावर त्या बाईचं समाधान कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण झालं खरं.

गाडी काळी होती आणि घरात तिला 'काळी'च म्हणत. ती फक्त लग्नात नवरदेवासाठी जायची आणि अण्णाच ती चालवत. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि चेहरा असा की नवरदेव मागे बसलाय की पुढे, असा पाहुण्यांना प्रश्न पडावा. बाकीच्यांच्या गाड्या लग्नाला जाताना झेंडूच्या माळा, फुगे, चिकटपट्ट्या असं काय काय अंगावर घेऊन जात. अण्णांच्या गाडीला फुलाची पाकळीही लावायची नाही, असा त्यांचा दंडक होता. देठानं रंग ओरबाडतो आणि चिकटपट्टीचा डाग उन्हात भाजून कायमचा बसतो, असं त्यांचं म्हणणं. "नवरीला सजवत्यात, गाडीला न्हाय," असं ते भल्याभल्यांना सुनावत. एवढी जुनी असून अंगावर एक ओरखडा नाही, हे ते छातीठोक सांगत, आणि कुणाला पटलं नाही तर त्याला भर दुपारी उन्हात उभं करून दाखवत. तो बिचारा घाम पुसत "पटलं, पटलं" म्हणेपर्यंत सोडत नसत.

पांढऱ्या गाडीवर आठवड्याची धूळ खपून जाते. काळ्या गाडीवर पाण्याचा एक थेंब जागच्या जागी सुकला तर चुन्याचं बोट लागल्यासारखा गोल दिसतो. त्यामुळं गाडी धुणं कुणीही करावं, पुसणं ही विद्या आहे, असं अण्णा मानत. पहाटे साडेपाचला नळ यायचा. बोअरचं पाणी चालत नसे, कारण त्यात खार. साबण गेला की बादली कलती धरून टपावर, म्हणजे गाडीच्या छतावर, पाणी सलग आणि सावकाश सोडायचं, म्हणजे थेंब थेंबाला धरून खाली उतरतात आणि निम्मं काम पाणीच करून जातं. मग फडकं भिजवून घट्ट पिळायचं, टपावर चादरीसारखं अंथरायचं, दोन टोकं धरायची आणि आपल्याकडं सरळ ओढायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, आणि गोल फिरवलं तर त्या दिवशी जेवायला मिळेल याची खात्री नाही. वरून खाली येत जायचं. त्यामागून कोरडं फडकं. मग दारं उघडून कडा, आरशाच्या पाठीमागची खाच, मुठीच्या आतली बाजू. "पाणी लपतंय," अण्णा म्हणत, "आणि पावणं आलं की बाहीर येतंय." म्हणून शेवटी पेठेला एक चक्कर मारून यायचं आणि जे लपलेलं ओघळलं असेल ते टिपून घ्यायचं. हे सगळं ऊन बॉनेटवर यायच्या आत.

हल्ली माझा जावई गुबगुबीत निळी फडकी वापरतो, आणि त्याला घाई असली तर धुवायच्या सेंटरवर नेतो. तिथं वाऱ्याच्या मशीननं गाडी वाळवतात. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघते. परवा तिथल्या माणसाच्या हातून फडकं खाली मातीत पडलं, त्यानं उचललं आणि तसंच बॉनेटला लावलं. न राहवून उठले आणि बोलले, तर म्हणाला, "मावशी, तुमी च्या घ्या." मी चहा घेतला. चहा बरा होता.

आमच्या घरी फडक्यांना पायऱ्या होत्या. टपाचं फडकं सगळ्यात वर, त्याखाली दाराचं, सगळ्यात शेवटी चाकाचं. टपाचं फडकं एकदा जमिनीला लागलं की त्याच क्षणी ते चाकाचं झालं, पुन्हा वर चढायची सोय नाही. कुठलंही नवं कापड घरात आलं की अण्णा आधी त्याच्या शिवणी, काठ, बटणं फाडून टाकत. "शिवणीत खडा लपतोय," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून नवा टॉवेल आणला तरी माझी नखं आपोआप त्याच्या काठाकडं जातात. आईला या सगळ्याचा मनस्वी राग. एकदा दूध उतू गेलं आणि घाईत तिनं टपाचं फडकं उचलून चुलीचा कट्टा पुसला. अण्णा दोन दिवस भिंतीकडं तोंड करून जेवले. रविवारी घरात तांबडा रस्सा असायचा, आणि त्या दिवशी जेवलेल्या माणसाला बेसनानं तीनदा हात धुतल्याशिवाय गाडीच्या शेडमध्ये पाऊल ठेवायची बंदी होती. आई म्हणायची, "माझ्या पदराला तर्रीचं हात पुसत्यात आणि फडक्याला सोवळं पाळत्यात." अण्णा यावर बादली उचलून शेडकडं चालू लागत.

आणि मला गाडी चालवायची होती. कुठं जायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, मला नुसती ती चालवायची होती. अण्णा गिअर टाकायचे तेव्हा माझा डावा हात मांडीवर आपोआप हलायचा. मी एकुलती एक, त्यामुळं हट्ट करायला मोकळी होते. अठरा पूर्ण झाल्या दिवशी सरळ जाऊन किल्ली मागितली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बोळाची भिंत, तिचा कोपरा आणि काळीचा मडगार्ड एका रेषेत आले असणार, कारण ते कसनुसे झाले. एकुलत्या एका पोरीला नाही म्हणवेना आणि हो तर जिभेवर येईना. शेवटी म्हणाले, "आधी पुसाय शीक. एक बी डाग न्हाय ऱ्हायला की बस स्टेरिंगला."

मला वाटलं आठवड्याचं काम. दोन वर्षं गेली. मी पुसून झालं की अण्णा मडगार्डशी उकिडवे बसत, एक डोळा मिटत, सुतारानं फळी पारखावी तशी नजर बॉनेटवरून उजेडाकडं लावत आणि फक्त आकडा सांगत. "सात." "चार." "नऊ, आज मन कुटं हुतं?" एकदा "एक" म्हणाले आणि मी मोरीत जाऊन रडले. नऊ आले असते तर रडू आलं नसतं. आज मागं बघताना मला पक्कं वाटतं, त्या दोन वर्षांत एखाद्या दिवशी डाग नसेलही. पण अण्णांना सापडायचा. मनापासून शोधलं की सापडतोच.

आमच्या शेडसमोरच्या कट्ट्यावर वस्ताद बसत. तालमीत दोन पिढ्या घडवलेला माणूस, सत्तरी ओलांडलेली, मान अजून खांद्यातच बसलेली. तालीम बघून आले की पितळी पेल्यातून दूध पीत ते माझं पुसणं बघायचे. पहिले काही महिने नुसते बघत होते. मग एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"मनगाट सैल सोड, पोरी. दाबाय लागलीस की गडी सावध हुतोय."

"वस्ताद, ही गाडी हाय."

"गाडी असली म्हणून काय झालं. अंग हाय की तिला. पायात जोर घे, हातात नगो. वडून घे, वडून."

मी पायात जोर घेतला, मनगट सैल सोडलं, आणि त्या आठवड्यात सातावरचे डाग तिनावर आले. तेव्हापासून वस्ताद रोज शिकवायला लागले. डाग राहिला तर "डाव अर्ध्यात सोडलास" म्हणायचे. अण्णांना हे आवडायचं नाही, पण वस्तादांना बोलणार कोण? शिवाय अण्णांचा दुसराच स्वार्थ होता. वस्तादांचं धोतर. वर्षानुवर्षं नेसून आणि धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की वाऱ्यावर वाळत असलं तरी आवाज करायचं नाही. सगळ्या पेठेत असं कापड नव्हतं. पण वस्तादांना धोतर मागायचं कसं? अण्णा दर दोन-चार दिवसांनी कट्ट्यापाशी घुटमळत आणि विचारत, "काय वस्ताद, धोतर... आपली, तब्येत काय म्हणतीय?" वस्ताद म्हणत, "ठणठणीत हाय." अण्णा निराश होऊन परत येत.

शेवटी वस्तादांनी ते आपणहून दिलं, आणि दिलं ते मला. एका संध्याकाळी नवं करकरीत धोतर नेसून आमच्या दारात उभे राहिले, हातात जुन्याची घडी. "घे पोरी. तालमीच्या मातीत बसून बसून मऊ पडलंय. ह्येनं पूस. डाग ऱ्हायला तर मला इचार." अण्णांनी दोन्ही हातांनी घडीला शिवून हात कपाळाला लावले. कापड होतंच तसं. फक्त दशा विरल्या म्हणून वस्तादांच्या बायकोनं दोन्ही टोकं आत दुमडून बारीक टाके घातले होते. अण्णांनी कात्री आणली. आई मध्ये आली.

"वस्तादांचं धोतर फाडायचं? दोन पिढ्यांनी त्यांच्या पाया पडल्यात. हात झडतील."

अण्णा कात्री घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बघू उद्या." उद्या आला, परवा आला. धोतर ट्रंकेवर, त्याच्यावर कात्री, आणि रोज जाता-येता अण्णा दोन्हीकडं बघून पुढं जात.

याच दिवसांत पेठेतलंच एक लग्न ठरलं आणि त्यासाठी काळीला बोलावणं आलं. नवरदेवाचे मामा चंदगडहून गाडी पसंत करायला आले. उंच, खांद्यावर उपरणं, आणि प्रत्येक गोष्टीला बोट लावून बघायची खोड. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"पावणं, बोट काढा," अण्णा म्हणाले.

मामांनी बोट काढलं, पण त्यांना ते लागलं. जाताना म्हणाले, "लग्नादिवशी गाडीवर एक जरी डाग दिसला तर आमचा पोरगा चालत येईल कार्यालयात. मग पेठेत तोंड दाखवा तुमी." अण्णांनी हसून नमस्कार केला. तो सबंध आठवडा त्यांना अन्न गोड लागलं नाही.

लग्नादिवशी पहाटे नळ आला, अण्णा बादली उचलायला वाकले आणि तसेच राहिले. कमरेत उसण भरली होती. मी आणि आईनं त्यांना वाकलेल्या अवस्थेतच आत आणलं, आणि पलंगावर ठेवताना ते कुठल्या अंगावर ठेवावेत हा प्रश्न पडला. आई वीट तापवायला गेली. अण्णा उशीत तोंड घालून म्हणाले, "मंगल, आज तूच. वस्तादांचं फडकं घे." मी निघाले तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "आज एक बी डाग न्हाय पडला, तर संध्याकाळी किल्ली तुझ्या हातात दीन. शब्द हाय." मी ट्रंकेपाशी गेले. कात्री उचलली, क्षणभर धरली आणि बाजूला ठेवली. वस्तादांचं धोतर मी कोण फाडणार?

तसं पुसणं माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही. धोतर टपावरून असं उतरत होतं की मी ओढतेय की ते आपण होऊन येतंय, कळेना. समोर वस्ताद दूध प्यायचे थांबून बघत होते. टप झाला, काचा झाल्या, बॉनेट झालं, दारं झाली. लपलेलं पाणी सगळीकडून टिपलं. मग अण्णांसारखी उकिडवी बसले, एक डोळा मिटला. एकही डाग नव्हता. दुसरा डोळा मिटून बघितलं. नव्हता. वस्ताद कट्ट्यावरून उठले. "चीत केलीस," एवढंच म्हणून घरात गेले. मला वाटलं आता माझ्यासारखी सुखी मुलगी या जिल्ह्यात नाही.

मग समोरच्या घरावरून ऊन आलं. ते आधी टपावर आलं, काचेवरून घसरलं आणि बॉनेटवर पडलं, आणि बॉनेटवर काचेपासून नाकापर्यंत बारीक बारीक रेघा उमटल्या. ओल्या केसांतून फणी फिरवल्यावर दिसतात तशा. मी बोटानं पुसायला गेले. पुसल्या जात नव्हत्या. धोतराचं टोक हातात घेऊन एक टाका उसवला, तर दुमडीतून चिमूटभर तांबडी माती माझ्या तळव्यावर पडली. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली माती. तिच्यात ताक घालतात, हळद घालतात, तेल घालतात, चाळून चाळून मऊ करतात, आणि अंगाला लागली की माणूस निरोगी होतो म्हणतात. पण शेवटी ती माती, आणि धोतर कितीही धुतलं तरी दुमडीतली माती दुमडीत. बॉनेटवर ओढताना दोन्ही टोकं माझ्या मुठीत नव्हती, एक मोकळं होतं. त्यानं हे केलं होतं. माझी दोन वर्षं गेली हे मनात नंतर आलं. आधी आलं ते हे, की अण्णांची एवढी मोठी मिरवायची गोष्ट मी एका सकाळीत संपवली.

कोपऱ्यावर शकीलाभाभी फुलं ओवायच्या. गजरे, हार, आणि दर्ग्यावर चढवायच्या फुलांच्या चादरी, त्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी धावत तिथं गेले.

"भाभी, चादर पायजे. फुलांची. बॉनेटएवढी."

"कशाच्या बॉनेटएवढी?"

"आमच्या गाडीच्या."

भाभींनी सुई खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला. अण्णा गेले काय गं?"

"न्हाय ओ. उसण भरलीय."

त्या गाडीवर फूल चढायचं तर अण्णा जिवंत असून कसं चालेल, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मी खरं सांगितलं. भाभी टोपली कमरेला लावून माझ्याबरोबर आल्या, बॉनेट बघितलं, जिभेनं चुकचुकल्या आणि तिथंच शेडमध्ये बसकण मारली. आम्ही दोघींनी चार हातांनी निशिगंध, शेवंती आणि गुलाब ओवले. तार नाही, टाचणी नाही, नुसता दोरा, आणि एकूण एक देठ वरच्या बाजूला. चादर बॉनेटवर अंथरली तेव्हा भाभी लांब उभ्या राहून म्हणाल्या, "असली तर मी पीराला बी केली नव्हती."

अण्णा बाहेर आले. आईनं आपली जुनी साडी त्यांच्या कमरेला करकचून गुंडाळली होती आणि ते रोवलेल्या खांबासारखे ताठ चालत होते. चादर बघितली आणि थांबले.

"ह्ये काय हाय?"

"मामांचा निरोप आलता," मी म्हणाले. "फुलं लावा म्हणून."

माझ्या आयुष्यातली ही पहिली जाणूनबुजून केलेली लबाडी, आणि ती इतकी सरळ बाहेर आली की माझं मलाच भ्या वाटलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पावणं म्हणत्यात म्हटल्यावर काय बोलायचं." उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच टप बघितला, दारं बघितली. "डाग?" मी नाही म्हणून मान हलवली. हे तरी खरं होतं.

वाटेत काही ओघळलं तर टिपायला मी पुढं शेजारी बसायची, तशी बसले. नवरदेवाच्या दारात मामा उपरणं सावरत उभे होते. अण्णा ताठ मानेनं उतरले आणि म्हणाले, "तुमी सांगितल्यापरमाणं फुलं लावल्यात बगा." मी डोळे मिटून घेतले. मामांनी चादरीकडं बघितलं. भोवती सगळी वरात उभी होती, बायका "काय सुरेख" म्हणत होत्या. मामांनी एकदा खाकरून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. "म्हटलं, जरा शोभा येऊ दे."

त्या दिवशी मामांनी ती चादर आपल्याला कशी सुचली हे किती जणांना सांगितलं याची गणती नाही. डागाचं त्यांना नावही आठवलं नाही. मी मात्र प्रत्येक गतिरोधकाला चादर दोन बोटं सरकताना बघत होते आणि प्रत्येक वळणाला श्वास धरत होते.

संध्याकाळी अण्णांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. दिवसभर ताठ बसून चालवल्यामुळं त्यांचा चेहरा काळवंडला होता, तरी ते हसत होते. "शब्द म्हंजे शब्द," म्हणाले. आईनं माझ्यासाठी मुद्दाम खर्डा ठेचला होता, गरम भाकरी होती, लोण्याचा गोळा होता. मी भाकरी नुसती कुस्करत बसले. दोन वर्षं जी गोष्ट मागितली ती हातात होती आणि ती मला चोरीच्या मालासारखी टोचत होती.

सकाळी अण्णा भिंतीला धरून शेडपर्यंत आले, कारण फुलं काढताना मी देठ घासीन ही त्यांना धास्ती. मी चादरीला हात लावायच्या आधी बोलले. "अण्णा, डाग न्हाय पडला. पण वरखडं पडल्यात." आणि चादर उचलली.

ऊन होतंच. अण्णांनी बघितलं. मग नख आडवं धरून एका रेघेवरून फिरवलं, अडकतं का ते पाहायला. अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. मी सगळं सांगितलं, माती, दुमड, मामांचा खोटा निरोप, भाभी.

"टोकं का न्हाय फाडलीस?" त्यांनी विचारलं.

"वस्तादांचं धोतर हाय, अण्णा."

त्यांनी बोट रेघेवरून काढून घेतलं. मग म्हणाले, "मीबी फाडलं नसतं."

एवढ्यात वस्ताद पितळी पेला घेऊन कट्ट्यावर आले आणि तिथूनच ओरडले, "काय, धोतर कसं चाललं?" अण्णा चटकन बॉनेटला पाठ लावून उभे राहिले, उसणीची कळ आली असणार, तरी. मीही त्यांच्या शेजारी जाऊन पाठ लावली.

"एक नंबर, वस्ताद," अण्णा म्हणाले. "डाग न्हाय."

"म्हटलं न्हवतं?" वस्ताद खूश झाले. "आणि एक हाय. दिवाळीनंतर दीन."

अण्णांनी हात जोडले. वस्ताद दूध संपवून आत जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच भिंतीसारखे उभे होतो. मग मी किल्ली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही.

"मला काय देतीस? शब्द डागाचा हुता, डाग न्हाय पडला. बस." मी हलले नाही, तेव्हा वैतागून म्हणाले, "आगं, पडायचा तो वरखडा पडला. आता मला कशाचं भ्या? दोन वरसं त्याच भ्यात काढली की मी. बस म्हणतोय न्हवं."

कालच्या ताठ बसण्यानं कंबर आणखी धरली होती, त्यांना पुढं बसता येत नव्हतं. ते मागच्या सीटवर, नवरदेवाच्या जागी, गुडघे दुमडून आडवे झाले. तिथून त्यांना फक्त गाडीचं छत दिसत होतं. रस्ता मी सांगायचा आणि गाडी त्यांनी कानानं ओळखायची, असं ठरलं. बोळातून बाहेर पडेपर्यंत ती तीनदा बंद पडली. "क्लच हळू सोड, मनगाट सैल," अण्णा छताला सांगत होते, आणि हे वाक्य आपण कुणाचं बोलतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "रडालीय बघ ती, दुसरा टाक." मी ओरडून रस्ता सांगत होते. डावीकडं सायकल. समोर म्हैस. म्हशीनं वाट दिली. रिक्षावाला काहीतरी बोलला. अण्णा विचारायचे, "काय म्हणाला?" मी म्हणायचे, "काय न्हाय." एका कोपऱ्यावर माझ्याकडून मागचं चाक गटाराच्या कठड्याला घासलं, मोठा आवाज झाला. मी गाडी थांबवणार होते. मागून आवाज आला, "घासली वाटतं. जाऊ दे फुडं."

रंकाळ्याचं पाणी दिसलं तेव्हा माझे खांदे दुखत होते आणि तोंड हसून हसून दुखत होतं.

"कुटं आलो?" अण्णांनी विचारलं.

"रंकाळ्याला."

"मग आता सांगू नगंस. चालीव नुसती."

मी सांगायची थांबले. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. मला वाटलं कमरेनं बेजार झालेत, की रुसलेत. पुढं एक एसटी थांबली, तिच्यामागं मीही थांबले आणि वळून बघितलं. अण्णा तोंड उघडं टाकून झोपले होते, एक हात सीटखाली लोंबत होता. दुसरा कुणी चालवत असताना ते कधी त्या गाडीत बसलेसुद्धा नव्हते. एसटी गेली. मी दुसऱ्या गिअरातच, अगदी सावकाश, रंकाळ्याला एक पुरी फेरी घातली, आणि ते उठले नाहीत म्हणून आणखी एक.